भास, बाटली आणि गोळी

लांजा, पाली, संगमेश्वर या बाजूंनी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं तर वाट हातखंब्याच्या तिठ्यावरून जाते. मुंबई-गोवा महामार्ग तिथे सोडायचा आणि शहराकडे वळायचं. १८८६ साली सुरू झालेलं हे रुग्णालय महाराष्ट्रातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि नागपूर इथली. या वाटेने जाणाऱ्या कितीतरी घरांत एकच वाद चाललेला असतो. भाऊ म्हणतो, दारूने याचं डोकं फिरलं. आई म्हणते, नाही, आधी तो एकटा एकटा राहायला लागला, कानात कुणी बोलतं म्हणायला लागला, दारू नंतर आली. काकांना दोन्ही पटत नाही, त्यांच्या मते ही बाहेरची बाधा आहे.

हा लेख त्या घरांसाठी आहे. दारू आधी की आजार आधी, या प्रश्नाकडे मी पुढे येईन, कारण त्याला उत्तर आहे. पण त्याहून निकडीची गोष्ट वेगळी आहे. अशा घरात जे उपाय प्रेमापोटी आणि काळजीपोटी सहज सुचतात, म्हणजे दारू एका दिवसात बंद करणं, प्यायला असेल त्या दिवशी गोळी न देणं, चहातून गुपचूप दारू सोडण्याची पूड देणं, तेच मेंदूच्या रसायनामुळे अनेकदा उलटतात. ते का उलटतात हे कळलं तर पुढचा मार्ग सोपा होतो.

सायकोसिस म्हणजे वास्तवाची पकड सुटणं. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवून आहे किंवा जेवणात विष घालतंय असा संशय पक्का बसतो, विचारांची साखळी तुटते. स्किझोफ्रेनिया हा या गटातला सर्वांत परिचित आजार. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. नेमकं तेच वय मित्रांबरोबर पहिला घोट घेण्याचं, आणि कोकणात तर नोकरीसाठी मुंबईला जाण्याचं. मुलगा मुंबईहून परत आला तो असा, हे वाक्य म्हणूनच इतक्या घरांत ऐकू येतं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्किझोफ्रेनिया असलेल्या साधारण पाच जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेला असतो. तुमचं घर एकटं नाही.

आता मेंदूकडे वळू. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. त्यांतलं एक डोपामिन. ते मेंदूत निरोप्याचं काम करतं हे स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. डोपामिनचं एक मोठं काम म्हणजे समोरच्या हजार गोष्टींपैकी महत्त्वाची कोणती, याची खूण करणं. भूक लागलेली असताना भाकरीचा वास, गर्दीत आपल्या नावाची हाक, अशा गोष्टींवर ही खूण उमटते. सायकोसिसमध्ये मेंदूच्या खोल भागात डोपामिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि खूण भलत्याच गोष्टींवर उमटू लागते. मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली हा विचार नीट मांडला. महामार्गावर ट्रकचा हॉर्न वाजतो. तुम्हाला तो नुसता हॉर्न असतो, त्या मुलाला मात्र आपल्यासाठी दिलेला इशारा वाटतो. मग त्या इशाऱ्याचा अर्थ लावता लावता संशयाची अख्खी गोष्ट तयार होते. त्यामुळे ‘असं काही नाहीये रे’ म्हणून वाद घालण्याचा उपयोग होत नाही. त्याच्या मेंदूने ती खूण खरोखर केलेली असते. भासावरच्या बहुतेक गोळ्या डोपामिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा अडवतात आणि खुणांचा हा गोंगाट कमी करतात.

दारू याच व्यवस्थेत हात घालते, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आहे, त्याचा परिणाम ती वाढवते. मेंदूला जागं ठेवणारं ग्लुटामेट आहे, त्याला दाबते. वर सुखाच्या वाटेवर डोपामिनची एक लाट आणते. ज्याच्या डोक्यात दिवसभर आवाज चाललेत, ज्याला भीती सोडत नाही आणि कशातच रस वाटत नाही, त्याला पहिल्या तासाभरात मिळणारा आराम खरा असतो. तो नाकारून बोलायला गेलात तर तो तुमचं पुढचं ऐकणारच नाही. पण तास-दोन तासांनी हिशेब फिरतो. झोप लवकर लागते, तरी उत्तररात्री मोडते, आणि अपुरी झोप हे आजार उसळण्याचं फार जुनं कारण आहे. दुसऱ्या दिवशी धास्ती दुप्पट होते. गोळी चुकते. आठवड्या-दोन आठवड्यांत आवाज परत येतात, पूर्वीपेक्षा मोठ्याने.

आणखी एक कारण घरच्यांच्या लक्षात क्वचितच येतं. काही औषधांमुळे पाय शिवशिवतात, एका जागी बसवत नाही, आतून उकळल्यासारखं होतं. काहींना हात थरथरणं, अंग जड होणं, सगळंच बेचव वाटणं असा त्रास होतो. दोन पेग घेतल्यावर तो तात्पुरता कमी होतो, म्हणून माणूस पितो. असं असेल तर खरा उपाय डॉक्टरांच्या हातात आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, या त्रासावर वेगळी गोळीही असते. ‘तू का पितोस?’ या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘गोळी घेतल्यावर अंगात काय होतं?’ असं विचारा, बरंच कळेल.

सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे दारू झटक्यात बंद करणं. रोज, अनेक महिने पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. ती सतत दाबत असते म्हणून तो उत्तेजन वाढवून ठेवतो. हातखंब्याच्या उतारावर ब्रेक दाबलेला असतानाच कुणी अ‍ॅक्सिलरेटरही खालपर्यंत दाबून धरावा आणि मग ब्रेकवरचा पाय अचानक काढावा, तसं दारू बंद होताच होतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना ताप, प्रचंड गोंधळ, दिवस-रात्रीचं भान जाणं, भिंतीवर किडे किंवा माणसं दिसणं असं होतं. या अवस्थेने जीव जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. ते भासाची गोळी वाढवून देतात किंवा देवरशाकडे नेतात, आणि हातातले तास निघून जातात. म्हणून खोलीत कोंडून चार दिवस ठेवू, आपोआप सुटेल, असं कधीही करू नका. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवायची असते. काहींना त्यासाठी आठवडाभर दाखल व्हावं लागतं. आधी दारू बंद झाली तेव्हा झटके आले होते, अशांना तर दाखल करावंच.

याला जोडूनच सलाईनविषयी. गावात ‘एक सलाईन लावा म्हणजे उतरेल’ असं सर्रास म्हणतात. सतत पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. चालताना तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं हलत राहणं, एकाएकी गोंधळणं, ही त्या इजेची चिन्हं आहेत. उपचार उशिरा झाला तर नवीन आठवणी साठवण्याची ताकदच जाते आणि ती परत मिळवणं फार कठीण असतं. म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तरी पहिल्याच वाक्यात सांगा: हा रोज पितो, शेवटची दारू अमुक वेळी घेतली, जेवण नाही. लाजेपायी हे दडवलं तर डॉक्टरांना थायमिनचं इंजेक्शन सुचणार कसं?

मग तो वाद. दारू आधी की आजार आधी? दारूच्या काळात किंवा ती सुटताना येणारे भास आणि संशय बहुतेकांत दारू थांबल्यावर काही दिवसांत, जास्तीत जास्त महिन्याभरात ओसरतात. दारू पूर्ण बंद होऊन महिना उलटला, तरी आवाज आणि संशय टिकून असतील, तर तो स्वतंत्र सायकोसिस असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर आणखी दोन गोष्टी विचारतात: दारू सुरू होण्यापूर्वी वागण्यात बदल होता का, आणि मधल्या कोरड्या काळात लक्षणं होती का. आईला या तारखा आठवतात. दहावी-बारावीच्या वेळी काय झालं, कोणत्या शिमग्यापासून तो घराबाहेर पडेनासा झाला, कामावरून कधी काढलं, हे एका कागदावर लिहून न्या. मात्र उत्तर काहीही आलं तरी उपचार दोन्हींवर एकदमच व्हायला हवेत. ‘आधी दारू सोडा, मग मनाचं बघू’ किंवा ‘आधी आजार बरा होऊ दे, दारू आपोआप सुटेल’, या दोन्ही वाटांवर माणूस मधल्या मध्ये हरवतो. कुठे असं सांगून परत पाठवलं तर तिथे न थांबता दुसरा मानसोपचारतज्ज्ञ शोधा.

प्यायल्याच्या दिवशी गोळीचं काय करायचं? ‘दारू पोटात असताना गोळी घेतली तर मरशील’ असा धाक बऱ्याच घरांत घातलेला असतो. परिणाम असा होतो की ज्याला संध्याकाळी प्यायचं आहे तो गोळी सोडतो, दारू नाही. इथे दोन प्रकारच्या गोळ्या वेगळ्या करायला हव्यात. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या जातीच्या, दारूवर देऊ नयेत. दोघी मिळून श्वास मंद करतात आणि जीव जाऊ शकतो. भासावरची रोजची गोळी मात्र दारूबरोबर गुंगी वाढवते, रक्तदाब उतरवते, पण ती वारंवार चुकली की आजार परत येण्याचा धोका खूप वाढतो. अशा रात्री नेमकं काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या. क्लोझापिन ही भासावरची गोळी घेणाऱ्यांनी एक नियम पाठच करावा: दोन दिवसांपेक्षा जास्त चुकली तर पूर्वीच्याच डोसवर पुन्हा सुरू करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळ्या सतत चुकत असतील तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन हा फार चांगला पर्याय आहे. त्याविषयी स्वतःहून विचारा. रोज रात्री गोळीवरून होणारं भांडण त्याने मिटतं, आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ते मोलाचं आहे.

आता चहातल्या पुडीबद्दल, आणि इथे मी अजिबात मवाळ बोलणार नाही. ‘पिणाऱ्याला कळू न देता दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अशा पुड्यांत काय आहे हे विकणारा सांगत नाही. काही घरं डायसल्फिराम नावाची गोळीच कुटून घालतात. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये जंतांवरचं औषध म्हणून तपासताना या द्रव्याचा दारूशी वैरभाव संशोधकांच्या स्वतःच्या अंगावर उघड झाला. ते शरीरात असताना दारू घेतली की दारूपासून तयार होणारं विषारी द्रव्य पुढे मोडत नाही. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला गोळी दिल्याचं माहीतच नाही, तो पिणारच, आणि रात्री अडीच वाजता कोसळला तर डॉक्टरांनाही कारण कळणार नाही.

सायकोसिस असलेल्या माणसात धोका आणखी खोल आहे. डोपामिनचं पुढच्या रसायनात रूपांतर करणारं एक विकर आहे, डायसल्फिराम तेही अडवतं. म्हणजे मेंदूत डोपामिन साठतं. ज्या डोपामिनला आवर घालायला तुम्ही रोज गोळी देता, तेच तुम्ही चहातून वाढवताय. भास उसळू शकतात. शिवाय, घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात, असा ज्याचा संशय, त्याच्या जेवणात तुम्ही खरोखरच काहीतरी घातलेलं असतं. ते एकदा उघड झालं की पुढे वर्षानुवर्षं तो तुमच्या हातून गोळी घेणार नाही. निवडक रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देतातही, पण रुग्णाच्या संमतीने, समजावून, रक्ततपासण्या करून. त्याखेरीज इतर औषधं आहेत: पिण्याची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन, दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता कमी करणारं अकॅम्प्रोसेट. पहिल्यासाठी यकृत, दुसऱ्यासाठी मूत्रपिंड तपासावं लागतं. काही रुग्णांत क्लोझापिनवर असताना पिणंही कमी झालेलं आढळलं आहे; भास इतर गोळ्यांना दाद देत नसतील तर डॉक्टरांशी त्याविषयी बोला.

विडी-सिगारेटविषयी थोडक्यात: धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही भासावरची औषधं लवकर मोडतं. म्हणून धूम्रपान एकदम थांबलं, उदाहरणार्थ दाखल झाल्यावर, तर त्याच डोसने गुंगी वाढू शकते. डॉक्टरांना विडीचाही आकडा सांगा. मशेरी आणि तंबाखू चघळण्याने असं होत नाही, त्यांचे तोटे वेगळे.

सणांची तयारी आधीपासून करायला हवी. शिमगा आणि गणपतीच्या दिवसांत चाकरमानी गावी येतात, पिशवीत बाटली असते, आणि बऱ्या झालेल्या पुतण्याला ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून ग्लास पुढे केला जातो. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पाहुण्यांच्या फोनवरच सांगून टाका: त्याची ट्रीटमेंट चालू आहे, डॉक्टरांनी दारूला सक्त मनाई केली आहे, तुम्हीही त्याच्यासमोर बसू नका. पालखीच्या जागरणात त्याच्या झोपेची आणि गोळीची वेळ चुकू देऊ नका. रात्रभर नाचवण्यापेक्षा दुपारी दर्शनाला न्या. राखणदाराला दारू वाहिली जाते तिथे त्यातला घोट तीर्थ म्हणून त्याच्या हातावर ठेवू नका. गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, कौल लावा, त्याने आईच्या मनाला धीर येत असेल तर त्याला माझा विरोध नाही. पण देवरशाने गोळी बंद करायला सांगितली तर ते ऐकायचं नाही. आणि लग्न करून दिलं की सुधारेल, हा सल्ला देणाऱ्यांना सांगा की एका परक्या मुलीचं आयुष्य हे औषध नव्हे.

दुकानाच्या अंतराचा आणि पैशाचाही विचार करा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत दारूविक्रीला बंदी केली. वीस हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर पुढे २२० मीटर झालं. तिठ्याच्या गावात दुकान जवळच राहतं, अंतराच्या भरवशावर राहता येत नाही. मजुरीचे किंवा आंब्याच्या कामाचे रोख पैसे एकदम हातात आले की तो दिवस जोखमीचा. त्याच्याशी बोलून, त्याला मान्य करून, पैसे बँकेत जमा व्हावेत आणि खर्चाला थोडे थोडे मिळावेत अशी सोय करा. हिसकावून घेतलेले पैसे उधारीची वाट शोधतात.

डॉक्टरांकडे प्रमाण सांगताना ‘थोडी घेतो’ म्हणू नका. क्वार्टर, नाइन्टी, माडीचे ग्लास, आठवड्यातून किती दिवस, असं सांगा. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने सहा पेग. ‘एकच क्वार्टर’ म्हणजे किती ते यावरून कळेल. हातभट्टीचा जोर मोजता येत नाही, म्हणून ती किती आणि कुठली हे जरूर सांगा.

आधाराच्या जागा आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांसाठी काम करणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ येतात का, भासावरच्या गोळ्या चालू ठेवता का? उत्तर ‘नाही’ असं आलं तर तिथे ठेवू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एएच्या बैठका अनेकांना उभं करतात. पण तिथला कुणी सभासद ‘गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच’ म्हणाला तर ते त्याचं वैयक्तिक मत समजा. डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायला सांगणं ही एएची भूमिका नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही तुमच्या बाजूचा आहे. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक स्थिती त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात, तेव्हा ‘दारूड्याला इथे जागा नाही’ असं उत्तर कायद्याला धरून नाही. माणसाला साखळीने बांधणं या कायद्याने निषिद्ध आहे. आणि तो बरा असताना, शांतपणे बसून, पुढे आजार उसळला तर मला कसे उपचार द्यावेत आणि माझ्या वतीने कोणी बोलावं, हे त्याला स्वतःला लिहून ठेवता येतं. या कागदासाठी आग्रह धरा. ज्याचा निर्णय सतत इतरांनीच घेतला, त्याला इथे प्रथमच विचारलं जातं.

झटका, ताप आणि बरळणं, तोल जाणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. दारू आणि सायकोसिस एकत्र असताना आत्महत्येचा धोका वाढतो. ‘पिऊन बोलतोय’ म्हणून ते बोलणं कानाआड करू नका. घरात फवारणीची कीटकनाशकं असतील तर ती आजच दुसरीकडे कुलपात ठेवा.

एवढं करूनही तो एखाद्या दिवशी पिऊन येईल. सहा महिने कोरडे गेल्यावरही येईल. रात्री जाब विचारू नका; त्या अवस्थेत मेंदू ऐकतो ते सकाळी राहत नाही, शिवी मात्र राहते. कुशीवर झोपवा, श्वासावर लक्ष ठेवा, उठवूनही उठत नसेल तर १०८. सकाळी चहा देऊन दोनच प्रश्न विचारा: झोप झाली का, आवाज वाढलेत का? मग पुढच्या तारखेची वाट न बघता त्याला घेऊन बाह्यरुग्ण विभागात जा, आणि गोळ्यांची अर्धी राहिलेली पट्टी बरोबर घ्या; किती गोळ्या उरल्यात यावरून डॉक्टरांना बरंच समजतं.